मिस्त्रींची फरशी आणि नाचाची चटई

मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी खाली बघायचे. घरमालक दारात उभे राहून ‘या, या’ म्हणताहेत आणि मिस्त्रींची मान खाली. नवख्या माणसाला वाटायचं, काय नम्र गृहस्थ आहे! नम्रपणा कसला, ते फरशी बघत असायचे. फरशी मनासारखी असली तर मान वर यायची आणि माणसांशी बोलणं सुरू व्हायचं. नसली तर सगळं बोलणं खालच्या खालीच उरकायचं. त्यांच्या लेकीने स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं म्हणून बरं. फरशी बघून ठरवायचं असतं तर ती पोर बिनलग्नाची राहिली असती, कारण तिच्या सासरची फरशी मिस्त्रींच्या मते फरशीच नव्हती.

“ही कुणी घासली?” पहिल्याच भेटीत त्यांनी विहीणबाईंना विचारलं होतं. “घासलीय, की नुसती ओली करून सोडलीय? म्हणत असाल तर आठवड्यात आरसा करून देतो.”

विहीणबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. पोरांच्या कानात शिट्टी वाजवण्यात हयात गेलेली, त्यामुळे त्या कुणालाच बधत नसत. त्या म्हणाल्या, “राहू द्या, व्याहीबुवा. आमच्याकडे माणसं चालतात.”

हे वाक्य मिस्त्रींच्या मनात जे रुतलं ते रुतलंच.

चाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, लोकांच्या फरशा घासल्या. मोझॅक असो नाहीतर संगमरवर, त्यांचं ते दोन मुठींचं जड मशीन एकदा घरघरायला लागलं की घरातली माणसं गच्चीवर नाहीतर शेजाऱ्यांकडे जायची. आधी साठ नंबरचा खरखरीत दगड, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक. शेवटी पावडर, जाड लोकरीच्या नमद्याचा बोळा आणि सगळ्यात वर मेणाचा हात. हे शेवटचं काम ते मशीनवर सोडत नसत. गुडघ्यांवर बसून, कापड गोल गोल फिरवत, स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत. स्वतःचा चेहरा त्यांना फारसा आवडत नसे, पण फरशीत दिसला की आवडायचा.

काम झालं की परीक्षा. मिस्त्री विडी ओढत नसत, तरी त्यांच्या खिशात आगपेटी कायम असायची. दारात उकिडवं बसायचं, आगपेटी जमिनीवर आडवी ठेवायची आणि टिचकी मारायची. समोरच्या भिंतीला ‘टक्’ वाजलं की काम पास. नाही वाजलं तर मशीन पुन्हा सुरू. घरमालक हातापाया पडो, ‘पुरे हो मिस्त्री, आम्हाला घरात येऊ द्या’ म्हणो, आगपेटी पोचल्याशिवाय सुटका नाही. एका दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडून दवाखान्याची फरशी करून घेतली, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी लगेच शेजारचा गाळा घेतला, अशी चेष्टा लोक करायचे. मिस्त्रींना ती चेष्टा वाटायची नाही. ते ती गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

आणि मग त्यांचं स्वतःचं घर. बावीस वर्षांपूर्वी दोन खोल्या आणि एक दिवाणखाना बांधला, तेव्हा त्यांनी बाहेरची सगळी कामं बंद ठेवून दिवाणखान्याच्या मोझॅकवर अकरा दिवस घालवले. बाराव्या दिवशी दारातून टिचकी मारली. आगपेटी समोरच्या भिंतीवर आपटली आणि अर्ध्या वाटेपर्यंत परत आली! असं आजवर कुठेच झालं नव्हतं. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोलाही आलं, पण ते ती अकरा दिवस बहिणीकडे राहून कंटाळली होती म्हणून.

तेव्हापासून दर सोमवारी त्या फरशीला मेण. पाहुणे दारात चपला काढायचे आणि नदीत उतरावं तसे एकेक पाऊल आत टाकायचे. गॅसवाला सिलिंडर आत आणायच्या भानगडीत पडत नसे. उंबऱ्यावरून एक धक्का द्यायचा, सिलिंडर आपल्या पायाने स्वयंपाकघराकडे रवाना. मिस्त्रींची बायको मात्र त्या फरशीवरून इकडून तिकडे जायची, तेही हातात भरलेली पातेली घेऊन, आणि बावीस वर्षांत एकदाही पडली नव्हती. भिंतीच्या कडेकडेने, छोटी छोटी पावलं टाकत चालायची. लोकांना वाटायचं, बाईंची चालच तशी आहे. कुणी फरशीबद्दल कुरकूर केली की मिस्त्री तिच्याकडे बोट दाखवायचे. “आमची ही कधी पडली का? फरशी निसरडी नसते हो. माणसं धांदरट असतात.”

अशा घरात ती चटई आली.

झालं असं, की बायकोचा गुडघा धरायला लागला. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. ती चार दिवस चालली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, “एवढं चालून परत इथेच यायचं, तर जायचं कशाला?” डॉक्टरांकडे याला औषध नव्हतं. लेकीकडे होतं. तिने एक खोकं पाठवलं. त्यात घडी घातलेली एक मऊ, स्पंजची चटई होती, तीन फूट लांब, तीन फूट रुंद, वर चार बाजूंना चार बाण. एक वायर टीव्हीला जोडायची. टीव्हीवर गाणं लागतं, खालून वर बाण सरकत येतात आणि जो बाण येईल त्यावर आपण पाय द्यायचा. बरोबर पडला तर गुण, चुकला तर टीव्ही ‘ओय’ असं ओरडतो.

“हे लहान मुलांचं खेळणं आहे,” मिस्त्री म्हणाले.

“मग मी एकदाच खेळून बघते,” बायको म्हणाली.

एकदाचे दोनदा झाले आणि दोनदाचे रोज झाले. आठवड्याभरात ती भाजी चिरताना ओट्याखाली पाय आपटायला लागली. झोपायच्या आधी अंथरुणातसुद्धा तिचे अंगठे उजवे-डावे व्हायचे. लग्नाआधी आपण शाळेत नाचायचो, असं तिने मिस्त्रींना फार वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं. मिस्त्री तेव्हा ‘हो का’ म्हणाले होते आणि विषय संपला होता. आता विषय पुन्हा सुरू झाला होता, चांगला मोठ्या आवाजात.

अडचण एकच होती. गाणं सुरू होताना चटई टीव्हीसमोर असायची आणि संपताना चपलांच्या कपाटाजवळ. हळू गाण्यांना ती हळूहळू सरकायची, बायको तिच्याबरोबर सरकायची, आणि दोघी मिळून दिवाणखान्याची सैर करून यायच्या. मग बायको चटई ओढत परत जागेवर आणायची आणि पुढचं गाणं लावायची. जलद गाण्यांना मात्र हे जमेना. एका जलद गाण्याच्या मध्यावर ती चटईसकट मागे गेली आणि थेट सोफ्यावर बसली. लागलं काही नाही, पण लेक तेव्हा नेमकी व्हिडिओ कॉलवर बघत होती.

“आई, अजून एकदा पडलीस तर चटई मी परत नेणार. सांगून ठेवते.”

“मी पडले कुठे? मी बसले!”

हे तिकडे विहीणबाईंनी ऐकलं. त्यांच्याकडेही तशीच चटई होती आणि त्या रोज आपले गुण फोनवर कळवायच्या. अभिनंदनासाठी नव्हे, चिडवण्यासाठी. त्यांचे आठ हजार चारशे झाले होते आणि बायकोचे सात हजारांच्या वर जात नव्हते, कारण सातव्या हजाराच्या सुमारास कपाट यायचं. सोमवारी विहीणबाईंचा फोन आला.

“विहीणबाई, फोनवर कळवून काय मजा नाही. मी येत्या रविवारी तुमच्याकडेच येते. समोरासमोर होऊन जाऊ दे. तीन गाणी. की तुमची ती फरशी आडवी येतेय? तसं असेल तर सांगा, मी समजून घेईन.”

बायको फोनवर म्हणाली, “फरशीचं काय घेऊन बसलात! या तुम्ही.” फोन ठेवला आणि ती मिस्त्रींकडे वळली. “अहो, एवढं एक करा. रविवारपर्यंत ही चटई जागची हलायला नको. विहीणबाईंच्या समोर मला कपाटात जायचं नाही.”

मिस्त्री हसले. चाळीस वर्षं फरशी कोळून प्यालेला माणूस! चटई हलू न देणं म्हणजे काय मोठंसं!

त्यांनी चटई उलटी करून हात फिरवला. हाताला बारीक धूळ लागली. “हे बघ,” ते म्हणाले, “धूळ आहे. धुळीवरून सरकते ती.” निदान चुकीचं नव्हतं. त्यांनी ओल्या फडक्याने चटईची खालची बाजू पुसली, मग फरशी पुसली. इथे थांबायला हवं होतं. पण फरशी पुसून मिस्त्री कधी थांबलेच नव्हते. हातांना सवय होती. ओल्या फडक्यानंतर कोरडं फडकं आलं, कोरड्यानंतर नमदा आला आणि भान आलं तेव्हा चटईच्या जागेवर मेणाचा दुसरा हात चालला होता. शिवाय वारही सोमवार होता.

“आता बघ,” त्यांनी कापड झटकत सांगितलं.

बायकोने चटई अंथरली, गाणं लावलं आणि पहिल्या बाणावर पाय दिला. दुसऱ्या बाणापर्यंत ती टीव्हीसमोर नव्हतीच.

मंगळवारी मिस्त्रींनी चटईच्या चारही कोपऱ्यांवर उरलेल्या फरशांचे तुकडे ठेवले. कोपरे हलले नाहीत हे खरं, पण मधला भाग गोळा होऊन वर आला आणि बाण एकमेकांवर चढले. बायको उजव्यावर पाय द्यायची आणि टीव्हीला तो वरचा वाटायचा. गाणंभर टीव्ही ओय ओय करत राहिला. शेवटी तिच्या पायाची करंगळी एका तुकड्यावर आपटली तेव्हा ओय कोण म्हणालं, ते कळलं नाही.

बुधवारी ते हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांचा जुना गिऱ्हाईक-मित्र, म्हणजे दोघंही एकमेकांना आपला गिऱ्हाईक समजायचे.

“काहीतरी असं दे, की जे फरशीवरून सरकणार नाही,” मिस्त्री म्हणाले.

दुकानदाराने हातातला स्क्रूचा डबा खाली ठेवला. “पुन्हा म्हणा.”

“ऐकलंस ना! दे.”

“तुम्ही? सरकू नये म्हणून?” त्याने आतल्या माणसाला हाक मारली, “अरे बाहेर ये, मिस्त्री काय मागतायत बघ!” दुकानातली चार गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. मिस्त्रींचे कान लाल झाले. दुकानदाराने मनसोक्त हसून घेतलं आणि मग रबराची जाळी आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी काढून दिली. “जाळी खाली घाला, वर चटई. जाळीने भागलं नाही तर पट्टी लावा. पण मिस्त्री, मेणावर रबर धरत नाही आणि पट्टीही धरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?”

“मला शिकवू नकोस,” म्हणून मिस्त्री बाहेर पडले.

जाळी चटईला घट्ट धरून राहिली आणि मग दोघी मिळून सरकल्या. पट्टीने थोडा वेळ दम काढला. अर्ध्या गाण्यात तीही सुटली आणि सुटताना आपल्याबरोबर मेण घेऊन आली. हाताच्या पंजाएवढा एक डाग पडला, मळकट, निस्तेज. मिस्त्रींनी गुडघ्यावर बसून त्या डागावर अंगठा फिरवला. अंगठा सरकला नाही. पुन्हा फिरवला. पुन्हा नाही. त्यांनी चटईचा कोपरा उचलून त्या डागावर ठेवला आणि दाबून ओढला. कोपरा जागच्या जागी.

मिस्त्रींना त्या क्षणी सगळं कळलं. कळायला काय, धंद्यातली गोष्ट होती. मेण काढून टीव्हीसमोर चार फूट बाय चार फूट साठ नंबरचा दगड फिरवला की ही चटई बापजन्मी हलणार नाही. दहा मिनिटांचं काम. पण गेलेली चकाकी परत आणायची तर अकरा दिवस हवेत, बावीस वर्षांपूर्वीची कंबर हवी. ती कंबर आता नव्हती. चकाकी एकदा गेली की गेलीच.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. बायको स्वयंपाकघरात होती. त्यांनी चोरी लपवावी तसं घाईघाईने त्या डागावर मेण घासलं आणि उठले.

“जमतंय का काही?” तिने आतून विचारलं.

“बघतोय,” मिस्त्री म्हणाले. इतकं साफ खोटं ते संसारात पहिल्यांदाच बोलले असतील.

गुरुवारचा आणि शुक्रवारचा त्यांचा खटाटोप बघण्यासारखा होता. ज्या माणसाला उत्तर माहीत असतं आणि ते नको असतं, त्याच्याएवढं कष्टाळू कुणी नाही. त्यांनी एक जाड प्लायवूडची फळी आणली, चटईच्या मापाने कापली, कडा पॉलिश पेपरने घासल्या, कारण हाताला राहवेना. चटई तिच्यावर पट्टीने पक्की बसवली. खाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे बारा तुकडे चिकटवले. दोन दिवस त्यांनी जेवतानासुद्धा त्या फळीबद्दलच बोलणं केलं. बायको त्यांचं कौतुकाने ऐकत होती. आपल्यासाठी हा माणूस एवढं करतोय याचा तिला खराच आनंद झाला होता आणि तेच मिस्त्रींना बोचत होतं.

शनिवारी दुपारी ती फळीवर उभी राहिली. पहिलं गाणं नीट झालं. सात हजार सहाशे! ती टाळ्या वाजवत हसली. दुसरं लावलं, जलद. फळी थोडा वेळ थरथरली आणि मग मेणावरून निघाली. यावेळी नुसती चटई नव्हती, चांगली वजनदार फळी होती, आणि तिला ब्रेक नव्हता. बायकोचा गुडघा टीव्हीच्या टेबलाच्या कडेवर आपटला. तिने पडदा धरला, पडदा दांडीसकट खाली आला आणि ती पडद्यात गुंडाळली जाऊन जमिनीवर बसली.

मिस्त्री धावले. धावले म्हणजे दोन पावलं धावले आणि उरलेलं अंतर सरकत गेले. “लागलं का? कुठे लागलं?”

“नाही लागलं फार.” तिने पडदा बाजूला केला, गुडघा चोळला आणि फळीवरची चटई सोडवायला लागली. पट्ट्या एकेक करून सोडवल्या, चटई गुंडाळली, खोक्यात घातली आणि खोकं बंद केलं.

“हे काय?”

“विहीणबाईंना कळवते, गुडघा दुखतोय म्हणून. येऊ नका.”

“दुखतोय?”

“नाही,” ती म्हणाली. “पण हे कारण सांगायला तरी मला लाज वाटत नाही.”

मिस्त्रींना सुचलं ते नेहमीचंच सुचलं. “अगं, पण तू तर या फरशीवर कधी पडली नाहीस!”

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, नवलाने. मग तिने पाय पुढे केले. “पडले नाही, कारण मी बोटं रोवून चालते. हे बघा.” तिच्या दोन्ही पायांची बोटं आत वळलेली होती, पंजा अर्धवट मिटलेला असावा तशी. ती जमिनीवर आरामात बसलेली होती, कुठे चालत नव्हती, तरी बोटं सरळ होत नव्हती. “बावीस वर्षं झाली. आता बाहेर रस्त्यावरसुद्धा अशीच राहतात. चालायला चालतं तसं. पण नाचायला चालत नाही हो. नाचायला बोटं मोकळी लागतात.”

आणि ती उठून, भिंतीच्या कडेकडेने, छोटी छोटी पावलं टाकत स्वयंपाकघरात गेली.

मिस्त्री तिथेच खाली बसले. आयुष्यभर ते खाली बघत आले होते. हजारभर घरांच्या फरशीतली केसाएवढी रेघ त्यांना दारातून दिसली होती. ही बोटं मात्र रोज त्यांच्यासमोरून जात होती, पाणी आणून देत होती, चहा आणून देत होती, आणि ती त्यांना आज दिसली. त्यांना स्वतःची फार शरम वाटली. समोर फरशीत त्यांचा चेहरा दिसत होता. तो त्यांना अजिबात आवडला नाही.

“विहीणबाईंना फोन करू नकोस,” त्यांनी आत ओरडून सांगितलं. “येऊ दे त्यांना.”

रविवारी सकाळी बायको आंघोळीला गेली तशी मिस्त्रींनी मागच्या पडवीतून मशीन ओढत आणलं. त्याच्यावरची ताडपत्री सहा वर्षांनी निघाली. टीव्हीसमोर खडूने चौकोन आखला, चारही कोन काटकोनी गुण्याने तपासले. फरशी बिघडवायची तरी वाकडी बिघडवायची नाही. पाणी ओतलं. साठ नंबरचे दगड बसवले. मशीनच्या मुठी धरून क्षणभर उभे राहिले आणि मग बटण दाबलं.

बायको केसांना पंचा गुंडाळून धावत बाहेर आली. “अहो! अहो, काय करताय! अहो, फरशी!” मशीनच्या आवाजात मिस्त्रींना ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल. मशीन चौकोनात पुढे गेलं, मागे आलं. पांढरट चिखल उडाला. दहा मिनिटांत अकरा दिवसांचं काम संपलं. मिस्त्रींनी बटण बंद केलं, चिखल पुसून काढला आणि पंखा लावून ठेवला. बायको उंबऱ्याशी तोंडावर हात ठेवून उभी होती.

चौकोन वाळला. झळझळीत फरशीच्या मधोमध तो पिठाळ, आंधळा दिसत होता. मिस्त्री दारात जाऊन उकिडवे बसले, खिशातून आगपेटी काढली, आडवी ठेवली आणि टिचकी मारली. आगपेटी सुसाट गेली, चौकोनाच्या कडेशी आली आणि तिथेच थांबली. ना टक्, ना काही.

“पास,” मिस्त्री म्हणाले.

बायको भिंत धरत चौकोनापर्यंत आली आणि त्यावर उभी राहिली. दोन्ही पाय जवळ घेतले, मग थोडे लांब केले. तिची बोटं हळूहळू उलगडली. करंगळ्या तेवढ्या आत राहिल्या. त्यांना बहुतेक अजून खात्री पटली नव्हती.

“अहो,” ती म्हणाली, “किती खरखरीत आहे!” असं कौतुक मिस्त्रींच्या कामाचं आजवर कुणी केलं नव्हतं.

विहीणबाई अकराला आल्या. गळ्यात सवयीने शिट्टी होती. दाराची चौकट धरून, मग भिंत, मग खुर्चीची पाठ धरत त्या आत आल्या आणि चौकोन बघून थबकल्या. “व्याहीबुवा, हे काय झालं तुमच्या फरशीला?”

“मुद्दाम केलंय,” मिस्त्री म्हणाले. “आमच्याकडेही माणसं चालतात.”

विहीणबाईंना हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण आठवलं नाही.

चटई चौकोनावर पसरली. पहिलं गाणं विहीणबाईंनी जिंकलं. त्यांच्या पायांत कवायत होती. दुसरं बायकोने मारलं, आठ हजार नऊशे, आणि चटई तसूभरही हलली नाही. मिस्त्री गुण बघतच नव्हते. ते सोफ्यावर बसून चटईच्या कडा बघत होते. तिसऱ्या गाण्याला विहीणबाई आधी चटईवर गेल्या आणि सुरेख चालल्या होत्या. पण शेवटच्या बाणांना त्यांना एवढा चेव आला, की उजवा पाय चटईवर न पडता चटईच्या बाहेर पडला, चौकोनाच्याही बाहेर पडला, आणि तिथे बावीस वर्षांचं मेण त्यांची वाट बघत होतं. विहीणबाई अलगद फिरल्या आणि मिस्त्रींच्या शेजारी येऊन सोफ्यावर बसल्या.

“फाऊल!” त्यांनी बसल्या बसल्या शिट्टी वाजवली. “जागा लहान आहे! हे धरायचं नाही!”

“चौकोन सगळ्यांना सारखाच आहे, विहीणबाई,” मिस्त्री म्हणाले.

“विहीणबाई, त्याला बोटं रोवावी लागतात,” बायको म्हणाली. “शिकवीन मी तुम्हाला कधीतरी.” आणि ती चटईवर चढली आणि तेच शेवटचं गाणं बोटं मोकळी सोडून नाचली. बाणांसाठी नाचत होती की उगीचच, ते सांगता येत नव्हतं. दोनतीनदा टीव्ही ‘ओय’ म्हणाला, तिने लक्ष दिलं नाही. गाणं संपलं तेव्हा ती जिंकली होती आणि ते तिला विहीणबाईंनी सांगावं लागलं.

चारच्या सुमाराला विहीणबाई भिंत धरत, पुढच्या रविवारचं आव्हान देत गेल्या. मिस्त्री मशीनवर ताडपत्री घालायला उठले.

“अहो,” बायको म्हणाली. ती अजून चौकोनातच उभी होती. “ते मशीन इतक्यात आत ठेवू नका.”

“का?”

“एक पट्टा काढाल? स्वयंपाकघरापासून?”

“कुठपर्यंत?”

“दारापर्यंत.” मग तिने घाईने पुढे जोडलं, “नसेल करायचा तर राहू दे. हा चौकोन केलात तेच खूप झालं.”

मिस्त्रींनी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत एकदा सगळी फरशी डोळे भरून बघितली. संध्याकाळचं ऊन तिच्यावर उतरलं होतं आणि ती खरंच फार सुंदर दिसत होती. मग त्यांनी खिशातून खडू काढला.

“किती रुंद हवा?”

“माझी दोन पावलं मावतील एवढा.”

“मग चालून दाखव. मी खुणा करतो.”

ती स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. “कशी चालू?”

“मधून चाल. भिंत सोड.”

तिने भिंत सोडली. दोन पावलं टाकली आणि बोटं आपोआप आत वळली. मिस्त्रींना ती लगेच दिसली. ते पुढे झाले, डाव्या हाताने तिचा हात धरला आणि उजव्या हातातल्या खडूने वाकून तिच्या पावलांच्या दोन्ही बाजूंना खुणा करायला लागले.

“बोटं सोड,” ते म्हणाले. “मी धरलंय.”